बॅरिकचा शेअर खरंच स्वस्त आहे, की स्वस्त असायला कारण आहे?

रामबागकर (इंदूर), २० फेब्रुवारी २०२५

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते मांडतो.

सोनं औंसाला २,९०० डॉलरच्या घरात आहे. सराफ्यात भाव ऐकून लोक पाटल्यांच्या जागी बांगड्या, बांगड्यांच्या जागी कानातलं घेऊन परततायत. आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या सोनं काढणाऱ्या कंपन्यांपैकी एक, कॅनडाची बॅरिक, तिचा शेअर न्यूयॉर्कला १८ डॉलरच्या आसपास पडून आहे. २०२० साली सोन्याने पहिल्यांदा दोन हजार ओलांडले तेव्हा तो ३० होता. २०११ साली सोनं १,९०० होतं तेव्हा पन्नाशीच्या पुढे होता. म्हणजे माल हजार डॉलरने महागला आणि माल काढणारा निम्म्याहून स्वस्त झाला.

याच महिन्यात २०२४ चे निकाल आले. कंपनीच्या वाट्याचा सिद्ध आणि संभाव्य साठा ८.९ कोटी औंस, म्हणजे सुमारे २,७७० टन. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे आहे त्याच्या तिपटीहून जास्त. आजच्या भावाने हे सोनं होतं साधारण २५८ अब्ज डॉलरचं. आणि अख्खी कंपनी बाजारात मिळतेय ३१ अब्जाला. डोक्यावर कर्जही फारसं नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये खाणीच्या वाट्यावरून तिथल्या सरकारशी कंपनीचं भांडण चालू आहे हे मला माहीत आहे. तरीही इतका फरक? थोडे पैसे घालायचा विचार आहे. ज्यांनी खाणींचा किंवा परदेशी शेअरचा अभ्यास केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पोहेप्रेमी (इंदूर)

दादा, सराफ्यात रात्री नऊनंतर सोन्याला कोण विचारतो? तेव्हा तिथे खाऊगल्ली भरते, तळलेल्या गराडूचा भाव चालतो.

विषय मात्र चांगला आहे. खुर्ची पकडून बसलोय.

खाणकाका (नागपूरचा, आता मुक्काम इंदूर)

रामबागकर, तुमचा २५८ अब्जांचा हिशोब पहिल्या पायरीलाच सोडून द्या. जमिनीतलं सोनं म्हणजे तिजोरीतलं सोनं नव्हे. मी कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत नोकरी केली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सोन्याच्या खाणीत टनभर दगड फोडला की साधारण एक ते पाच ग्रॅम सोनं हाती लागतं. पाच ग्रॅम म्हणजे चांगली खाण. तो दगड सुरुंगाने फोडायचा, वर आणायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या द्रावणात विरघळवायचा, मग कार्बनवर पकडायचा आणि वितळवायचा. याला डिझेल लागतं, वीज लागते, माणसं लागतात. आणि वर्षं लागतात. ८.९ कोटी औंस एका वर्षात निघत नाहीत. गेल्या वर्षी कंपनीने काढले ३९.१ लाख. या वेगाने बावीस-तेवीस वर्षांचं काम झालं. विसाव्या वर्षी मिळणाऱ्या सोन्याची आजची किंमत काय धरणार?

कोलारचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने काम सुरू केलं, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, सव्वाशे वर्षांत आठशे टनांच्या आसपास सोनं निघालं. तिथली चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तळाशी दगडाला हात लावला तर भाजायचा, पासष्ट अंशांच्या आसपास. वरून गार हवा ढकलायची, खालून पाणी उपसायचं, आणि खडकाचा स्फोट कधी होईल याचा नेम नाही. आम्ही पिंजऱ्यातून उतरताना बोलणं आपोआप बंद व्हायचं. २८ फेब्रुवारी २००१ ला ती बंद झाली तेव्हा जमिनीत सोनं शिल्लक होतं. फक्त ते काढायला येणारा खर्च विक्रीच्या भावापेक्षा जास्त झाला होता.

म्हणून साठा किती हे नंतर. आधी औंसामागे खर्च किती आणि तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघा.

टंच (सराफा, इंदूर)

काकांनी लिहिलंय त्यात आमच्या गल्लीतलं एक जोडतो.

आमच्या पेढीवर कारागीर बसतात तिथला केर वर्षभर फेकत नाहीत. कानस मारताना उडालेला बारीक कण, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, सतरंजीची धूळ, सगळं पिंपात साठवतात. मग न्यारिये येतात. महाराष्ट्रात त्यांना झारेकरी म्हणतात. तो पिंपात हात घालून मूठभर राख काढतो, घमेल्यात पाणी घालून गोल गोल फिरवतो, वरची माती सांडत जातो आणि शेवटी तळाशी काय चमकतं ते उन्हात धरून बघतो. मग आकडा सांगतो. पिंपात अंदाजे किती सोनं आहे ते त्यालाही कळतं आणि आम्हालाही. पण त्याच्या आकड्यातून कोळसा, तेजाब, मजुरी आणि तूट वजा झालेली असते. शिवाय एक गोष्ट आणखी तो बघतो: मालक शब्दाचा आहे का. सौदा ठरल्यावर, सोनं जास्त निघालं असं कळलं की काही मालक पिंप अडवून धरतात. अशा पेढीच्या राखेला न्यारिया नेहमी कमीच आकडा लावतो, सोनं तेवढंच असलं तरी.

मालीचं वाचल्यावर मला तेच आठवलं.

वडोदेकर (दांडिया बाजार)

टंच, तुम्ही फार नेमकं लिहिलंत. आता मी आकडे देतो, कारण माझ्या मते स्वस्त-महाग ठरवायचं तर २०२० आणि २०२४ शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं.

या धंद्यात खर्च मोजायचं एक माप आहे, एआयएससी. २०१३ मध्ये जागतिक सुवर्ण परिषदेने ते ठरवलं. खाण चालू ठेवायला येणारा जवळपास सगळा खर्च औंसामागे किती, ते त्यात कळतं. आयकर, व्याज आणि नव्या खाणीची उभारणी त्यात नसते, हे लक्षात ठेवा.

बॅरिकचा हा खर्च २०२० मध्ये ९६७ डॉलर होता. २०२१ मध्ये १,०२६, मग १,२२२, मग १,३३५ आणि २०२४ मध्ये १,४८४.

उत्पादन २०२० मध्ये ४७.६ लाख औंस होतं. मग ४४.४, ४१.४, ४०.५ आणि २०२४ मध्ये ३९.१ लाख. दरवर्षी कमी, एकही वर्ष अपवाद नाही.

२०२० मध्ये कंपनीला सरासरी भाव मिळाला १,७७८. म्हणजे औंसामागे ८११ सुटले. २०२४ मध्ये भाव मिळाला २,३९७ आणि सुटले ९१३. भाव सहाशे डॉलरहून जास्त वाढला आणि त्यातले हाती आले शंभर. याला उत्पादनाने गुणा: २०२० चे ३.८६ अब्ज, २०२४ चे ३.५७ अब्ज. सोनं पस्तीस टक्क्यांनी महागलं आणि कंपनीच्या हाती पूर्वीपेक्षा कमी पडलं. मग शेअर ३० वरून १८ वर आला यात बाजाराचं काय चुकलं?

रामबागकर

वडोदेकर, हा गुणाकार मी केला नव्हता. धन्यवाद. पण मग एक विचारतो. खर्च आता स्थिरावला आणि सोनं असंच चढत राहिलं तर? चौथ्या तिमाहीत भाव मिळालाय २,६५७ आणि खर्च १,४५१. म्हणजे १,२०० सुटले. वर्षाच्या सरासरीपेक्षा हे बरंच वर आहे.

वडोदेकर

बरोबर, आणि या शेअरची खरी गंमत तीच आहे. खर्च जागेवर राहिला तर भावातला प्रत्येक वाढीव डॉलर जवळजवळ सगळा नफ्यात जातो. समजा खर्च १,५०० आहे. सोनं २,४०० वरून २,९०० झालं म्हणजे एकवीस टक्के वाढलं, पण सुटणारे पैसे ९०० वरून १,४०० होतात, पंचावन्न टक्क्यांहून जास्त. पडताना हेच उलटं होतं.

अडचण इतकीच की खर्च जागेवर राहत नाही. भाव वाढला की सरकारं रॉयल्टी वाढवतात, कामगार वाढ मागतात, आणि पूर्वी न परवडणारा हलका दगडही कंपनी दळायला घेते. सरासरी तिथेच चढते.

कट्टर बचतवाला (इंदूर)

एवढा खटाटोप कशाला भिया? सरकारी सुवर्णरोखे बघा. नोव्हेंबर २०१५ ची पहिली मालिका, ग्रॅमला २,६८४ ने घेतलेली, नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ ने परत. वर दरवर्षी व्याज, आणि मुदतीअखेर भांडवली नफ्यावर कर नव्हता. ना मालीचं लष्कर, ना डिझेल.

पोहेप्रेमी

पण नवे रोखे आहेत कुठे? फेब्रुवारी २०२४ नंतर एकही मालिका आलेली नाही.

कट्टर बचतवाला

नवे नसले तरी जुने शेअर बाजारात विकत मिळतात. भाव जरा चढा असतो एवढंच.

सुगरण सविता (इंदूर)

सोन्याच्याच धंद्यात पैसे घालायचे तर सोनेतारण देणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्या का नकोत? रुपयात मिळतात, निकाल वाचता येतात.

वडोदेकर

ताई, ते धंदे चांगले असतील, पण ते सावकारीचे आहेत. सोन्याचा भाव वाढला की त्यांचं तारण मजबूत होतं, व्याजाचा दर वाढत नाही. खाणीचं गणित वेगळं.

भारतात खाणीचा शेअर म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. रायचूरची हट्टी खाण कर्नाटक सरकारची, तिचा शेअर बाजारात नाही. मुंबई शेअर बाजारात डेक्कन गोल्ड माइन्स आहे. तिचा आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नगिरी प्रकल्पात हिस्सा आहे. पण उत्पादन सुरू होण्याच्या वाटेवरची छोटी कंपनी आणि अनेक देशांत पसरलेली बॅरिक एकाच तागडीत घालू नका.

आकाशगंगा (ग्वाल्हेर)

मी सनदी लेखापाल आहे. शेअर घ्या की नको हे सांगणार नाही, पण घेतलात तर काय होतं ते सांगते, कारण हे लोकांना फार उशिरा कळतं.

पैसे बाहेर पाठवायची मर्यादा वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर. सध्या (फेब्रुवारी २०२५) सात लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. १ एप्रिल २०२५ पासून ही सीमा दहा लाख होतेय. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात, पण तोपर्यंत अडकतात.

शेअर चोवीस महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे.

बॅरिकचा लाभांश सध्या (फेब्रुवारी २०२५) तिमाहीला १० सेंट. कंपनी कॅनडाची, त्यामुळे २५ टक्के तिथेच कापतात. इथे त्याचं क्रेडिट मिळतं, पण फॉर्म ६७ भरावा लागतो.

एक बाजू चांगलीही आहे. अमेरिकन कंपन्यांचे शेअर साठ हजार डॉलरच्या वर असतील आणि मालक वारला तर परदेशी माणसाच्या वारसांना अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागू शकतो. बॅरिक न्यूयॉर्कला विकली जात असली तरी कंपनी कॅनडाची आहे, म्हणून तो प्रश्न येत नाही.

आणि शेवटचं, हात जोडून: विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरा. एक शेअर असला तरी भरा. माझ्याकडे एक आजोबा आले होते, मुलाने अमेरिकेत नोकरी करताना घेऊन दिलेले शेअर, कधी दाखवलेच नव्हते. नोटीस हातात धरून बसले होते आणि त्यांचा हात थरथरत होता. चोरी करायची त्यांच्या मनातही नव्हती.

रामबागकर

ताई, हे छापून ठेवतोय. मनापासून आभार.

सातासमुद्रापार (मूळचा इंदूरचा, टोरांटो)

इथे बॅरिकचं नाव घरोघरी माहीत आहे. सल्ला देत नाही, इतिहास सांगतो.

मालीत काय झालं ते आधी नीट समजून घ्या. लूलो-गुनकोतो खाणीत बॅरिकचा ८० टक्के हिस्सा, माली सरकारचा २०. २०२३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने नवा खाण कायदा आणला आणि जुन्या करारांवरही जास्त वाटा मागितला. २०२४ च्या नोव्हेंबरात कंपनीचे चार कर्मचारी तुरुंगात गेले. डिसेंबरात मुख्याधिकारी मार्क ब्रिस्टो यांच्यावर अटक वॉरंट निघालं. जानेवारीत सरकारने खाणीवरचं सुमारे तीन टन सोनं हेलिकॉप्टरने उचलून नेलं आणि कंपनीने काम थांबवलं.

आता मागे जा. २०१३: चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर अँडीज पर्वतातला पास्कुआ-लामा प्रकल्प पाण्याच्या प्रश्नावर अडला, पाच अब्जांहून जास्त रक्कम एकाच वेळी पुस्तकातून पुसली गेली. २०१७: टांझानियाने तिच्या उपकंपनीला १९० अब्ज डॉलरची करमागणी पाठवली, शेवटी ३० कोटींवर आणि सरकारला हिस्सा देण्यावर मिटलं. २०२०: पापुआ न्यू गिनीतली पोर्गेरा खाण परवान्यावरून बंद, उघडायला साडेतीन वर्षं गेली. आणि आता माली.

प्रत्येक वेळी कंपनी म्हणते ही एकट्या जागेची अडचण. भागधारकाच्या नजरेने बघितलं तर दर तीन-चार वर्षांनी कुठेतरी ही अडचण येतेच.

वडोदेकर

अगदी. पण इथे मी थोडा रामबागकरांच्या बाजूने बोलतो.

लूलो-गुनकोतोचं बॅरिकच्या वाट्याचं उत्पादन ५.७८ लाख औंस, म्हणजे एकूण उत्पादनाच्या पंधरा टक्के. ते उद्या शून्य झालं तरी पंधरा टक्केच जातं. आता बघा: बॅरिकचा २०२४ चा नफा शेअरमागे १.२२ डॉलर, म्हणजे १८ ला शेअर पंधरापटीला मिळतोय. सोनं काढणारीच कॅनडाची दुसरी कंपनी ऍग्निको ईगल, तिचा शेअर शंभरीला टेकलाय, तो सव्वीसपटीला. तिच्या खाणी कॅनडा, फिनलंड, ऑस्ट्रेलिया, मेक्सिकोत. म्हणजे बॅरिकवर चाळीस टक्क्यांहून जास्त सूट आहे आणि मालीमुळे जाणारं आहे पंधरा. उरलेली पंचवीस टक्के कशाची?

खाणकाका

उरलेली पंचवीस टक्के विश्वासाची. उत्पादन पाच वर्षं घसरतंय हे तुम्हीच वर दाखवलंत. आणि पुढची मोठी वाढ कुठून येणार? बलुचिस्तानातल्या रेको दिकमधून.

कट्टर बचतवाला

काय? पाकिस्तानात? माझे पैसे तिकडे अजिबात जाणार नाहीत. विषय संपला.

सातासमुद्रापार

भावना समजू शकतो, माझ्याही मनात येतं. पण निव्वळ हिशोबाच्या दृष्टीनेही ते बघायला हवं. रेको दिक तांबं आणि सोनं दोन्हीची प्रचंड खाण आहे, चागई जिल्ह्यात. निम्मा हिस्सा बॅरिकचा, पाव पाकिस्तानच्या केंद्राचा, पाव बलुचिस्तानचा. याच जागेवरून पूर्वी बॅरिकच्या भागीदारीतल्या कंपनीला परवाना नाकारला होता. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने पाकिस्तानला जवळपास सहा अब्ज डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं आणि त्यातून २०२२ अखेर नवा करार झाला. पहिलं उत्पादन २०२८ ला धरलंय. रामबागकरांनी सांगितलेल्या ८.९ कोटी औंसांतले १.३ कोटी याच वर्षी इथून साठ्यात धरले गेले.

म्हणजे ज्या साठ्याकडे बघून शेअर स्वस्त वाटतो त्यातला सातवा हिस्सा अशा ठिकाणी आहे जिथे अजून खाण उभीच नाही.

खाणकाका

एक गोष्ट मात्र बॅरिकच्या बाजूने नोंदवा. हा साठा त्यांनी १,४०० डॉलर भाव धरून मोजलाय, २,९०० नव्हे. भाव पडला म्हणून साठा रातोरात नाहीसा होणार नाही. शिवाय अमेरिकेत नेवाडातल्या खाणी आहेत, न्यूमॉन्ट या दुसऱ्या खाणकंपनीबरोबर भागीदारीत, ६१.५ टक्के बॅरिकचे आणि कारभारही तिच्याकडे. तिथे कोणी हेलिकॉप्टर घेऊन येत नाही.

आणि कंपनी अशा देशांत का जाते, असं तरुण मुलं विचारतात. सोपं आहे. शांत देशातली चांगली खनिजं बरीचशी आधीच खोदून झाली. टनाला चार-पाच ग्रॅम आता राहिलंय ते बहुतेक अवघड जागी.

नवाखेळाडू (इंदूर)

मग छोट्या शोधकंपन्या घ्याव्यात का? माझ्या एका ग्रुपवर एक नाव फिरतंय, म्हणतात इंडोनेशियात प्रचंड साठा सापडलाय, शेअर चिल्लरीत मिळतो.

सातासमुद्रापार

इंडोनेशिया आणि प्रचंड साठा हे दोन शब्द कॅनडातल्या माणसाला एकत्र ऐकवू नका. ब्रे-एक्स. कॅल्गरीची छोटी कंपनी, बुसांगच्या जंगलात जगातला सगळ्यात मोठा साठा सापडल्याचा दावा, शेअर दोनशे डॉलरच्या पुढे. मार्च १९९७ मध्ये त्यांचा भूशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीने स्वतः भोकं पाडून तपासलं तर सोनं जवळपास नाहीच. नमुन्यांत बाहेरून सोन्याची पूड मिसळली होती. इथल्या शिक्षकांच्या पेन्शनचे पैसेसुद्धा त्यात गेले. त्यानंतरच कॅनडात साठा जाहीर करण्याचे कडक नियम आले.

त्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा.

टंच

नवाखेळाडू, ऐका त्यांचं. राखेत पूड मिसळणारे आमच्याकडेही होऊन गेले.

रामबागकर, २६ फेब्रुवारी

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. माझ्या मनात आता चित्र असं आहे. साठ्याचा गुणाकार बाजूला ठेवला. सोनं २,९०० आणि खर्च १,५०० राहिला तर औंसामागे १,४०० सुटतात. मालीशिवाय यंदा ३१.५ ते ३५ लाख औंस काढू असं कंपनी म्हणते. मधला आकडा धरला तर सुमारे ४.६५ अब्ज होतात. म्हणजे माली पूर्ण बंद धरूनही २०२० पेक्षा जास्त. आणि २०२० ला शेअर ३० होता.

मला हे स्वस्त वाटतं. पण खाणकाका म्हणतात तसं, सूट विश्वासाची असेल तर ती नुसत्या एका चांगल्या वर्षाने जाणार नाही, हेही पटतं. सोन्यासाठी जेवढे पैसे बाजूला ठेवले आहेत त्यातला दहावा भाग घालतोय, बाकी सोन्यातच.

वडोदेकर

दहावा भाग ठीक. एवढं लक्षात ठेवा: वॉरन बफे यांच्या बर्कशायरने २०२० च्या उन्हाळ्यात बॅरिक घेतली तेव्हा जगभर गाजावाजा झाला. वर्ष संपायच्या आत सगळी विकून ते बाहेर. मोठा माणूस आत आला की बातमी होते, बाहेर पडतो तेव्हा लोक झोपलेले असतात.

सुगरण सविता, २ डिसेंबर २०२५

धागा वर काढतेय. रामबागकर दादा, बॅरिक चाळीसच्या आसपास आहे म्हणे! काय केलंत?

रामबागकर

ताई, आहे अजून. विकला नाही.

मध्ये छातीत धस्स झालं होतं. जूनमध्ये मालीची राजधानी बामाको इथल्या न्यायालयाने खाणीवर सहा महिन्यांसाठी प्रशासक बसवला. ऑगस्टच्या निकालात त्या खाणीपोटी अब्जभर डॉलर पुसले गेले. सप्टेंबरअखेर मुख्याधिकारी ब्रिस्टो पद सोडून गेले. तेव्हा शेअर उलट वर जात होता, आणि घरचे विचारायचे की बातम्या वाईट आणि भाव वर, हे कसं. मग गेल्या महिन्यात २४ तारखेला माली सरकारशी समझोता झाला. खाण परत मिळतेय. मला सगळ्यात बरं वाटलं ते त्या चार कर्मचाऱ्यांच्या सुटकेचा त्यात समावेश आहे हे वाचून. वर्षभर तुरुंगात होती ती माणसं.

नवाखेळाडू

म्हणजे शेअर स्वस्त होता हे सिद्ध झालं!

वडोदेकर

नाही, इतकं सरळ नाही. सोनं २,९०० वरून ४,००० च्या पुढे गेलंय, चाळीस टक्क्यांहून जास्त. ऍग्निको शंभरीवरून १७० च्या आसपास. म्हणजे जिथे कसलीच भानगड नाही ती कंपनीही सत्तर टक्के वाढली. ते सत्तर टक्के सोन्याचे. बॅरिक दुपटीहून जास्त झाली, त्यातला त्यावरचा भाग तेवढा सूट कमी झाल्याचा. सोनं २,९०० लाच थांबलं असतं तर शेअर कुठे असता, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

खाणकाका

मला खर्चाचा आकडा बघायचा होता, तो बघितला. तिसऱ्या तिमाहीत भाव मिळाला ३,४५७ आणि खर्च १,५३८. औंसामागे १,९०० च्या वर सुटले. उत्पादन ८.२९ लाख औंस, तेवढं अजून हलकंच. तरी गुणाकार करा, एका तिमाहीत १.५९ अब्ज. २०२० च्या पूर्ण वर्षात ३.८६ होते. या खेपेला भावाने खर्चाला मागे टाकलं.

रामबागकर

काका, मग आता चाळीसला काय म्हणाल? स्वस्त की महाग?

खाणकाका

चाळीसला तुम्ही ४,००० चं सोनं गृहीत धरून शेअर घेताय. अठराला २,९०० चं धरत होता. आता सोनं ३,००० ला आलं तर सुटणारे पैसे २,५०० वरून १,५०० वर येतील. भाव पाव उतरला की नफा चाळीस टक्के उतरेल. मी नवीन घेणार नाही. तुमच्याकडे आहे तो ठेवायचा असेल तर फेब्रुवारीत वार्षिक निकाल येतील, त्यात दोन आकडे बघा: खर्च सोळाशेच्या आत आहे का, आणि २०२६ साठी किती उत्पादन सांगतायत.

आकाशगंगा

आणि दादा, चोवीस महिने व्हायला अजून बराच वेळ आहे. आत्ता विकलात तर स्लॅबप्रमाणे कर लागेल. शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षाचं असतं; ३१ डिसेंबरचा भाव आणि त्या दिवशीचा स्टेट बँकेचा डॉलरचा दर लिहून ठेवा, जुलैत शोधत बसावं लागणार नाही.

रामबागकर

लिहून ठेवतो ताई. फेब्रुवारीचे निकाल आले की इथेच टाकतो.